एका ‘ज्युबिली’चा हिशेब

जाहिरातीत दोनच ओळी होत्या. ‘सेनहायझर एचडी ५८० ज्युबिली. उत्पादन बंद, अतिशय दुर्मिळ, मूळ खोक्यासह.’ खाली किंमत होती आणि ती त्याच कंपनीच्या कोऱ्या एचडी ६०० हेडफोनच्या किमतीपेक्षा एक पंचमांशाने जास्त होती. सोबत तीन फोटो. तिन्ही जरा अंधारे, पण कानांवर बसणाऱ्या कपांवरची धातूची जाळी नीट दिसत होती.

हा हेडफोन मी शेवटी मागितलेल्या किमतीच्या एक तृतीयांशात घेतला. घासाघीस जवळजवळ झालीच नाही आणि विकणाऱ्यांनाही तो भाव पटला. भाव आधी एका बाजूला घसरला, मग नको तितका घसरला आणि पुन्हा वर आला, तो सगळा प्रवास इथे लिहितो. कारण उत्पादन बंद झालेल्या हेडफोनची रास्त किंमत कशावर ठरते, हे मला त्या दीड तासात जितकं कळलं तितकं आधीच्या कित्येक वर्षांत कळलं नव्हतं.

चलनातले आकडे दोन वर्षांत शिळे होतात, म्हणून एकच माप वापरतो. कोऱ्या एचडी ६००ची किंमत १०० धरायची. म्हणजे मागणी होती १२०. विकणारे माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणत होतो, इथेही तेच म्हणतो.

हा हेडफोन कोणता

एचडी ५८० हा मागून उघडा, ३०० ओहम विद्युतरोधाचा हेडफोन. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्याच्या कपांवर काळ्या प्लास्टिकची जाळी असे. १९४५ साली सुरू झालेल्या सेनहायझरला १९९५ मध्ये पन्नास वर्षं झाली, तेव्हा कंपनीने याच हेडफोनची मर्यादित आवृत्ती काढली. तीच ‘ज्युबिली’. तिच्यावर धातूची जाळी आली. १९९७ मध्ये एचडी ६०० आला तोही धातूची जाळी घेऊनच, आणि २००३ मध्ये एचडी ६५०. एचडी ५८० बंद झाला, एचडी ६०० मात्र अजून बनतो.

हे खानदान माहीत असणं भावाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं, कारण या तिघांचा सांगाडा एकच आहे. एचडी ६००ची कानाभोवतीची गादी ५८०ला बसते. केबल बसते, जाळी बसते, हेडबँड बसतो, कपातला आवाज काढणारा ड्रायव्हरसुद्धा बसतो. कागदोपत्री बंद झालेला हा हेडफोन दुरुस्तीच्या दृष्टीने अजून जिवंत आहे. बंद झालेल्या मालाचा भाव काढताना मी आता सगळ्यात आधी हेच बघतो की त्याचे सुटे भाग मिळतात का. तो दुर्मिळ आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. भाग मिळत असतील तर हेडफोनच्या प्रत्येक दोषाला किंमत असते आणि ती वजा करता येते. भाग मिळत नसतील तर दोषाला किंमत नसते, फक्त धोका असतो.

निघण्याआधी

फोन करण्याआधी मी विकल्या गेलेल्या एचडी ५८०चे भाव पाहिले. मागितलेले भाव पाहण्यात अर्थ नसतो. एखाद्याने २०० मागितले आणि ती जाहिरात आठ महिने तशीच पडून राहिली, तर त्या २००चा अर्थ इतकाच की त्या भावाला तो कोणालाही नको आहे. पण पुढचा विकणारा शोध घेतो तेव्हा त्याला हीच पडून राहिलेली जाहिरात सगळ्यात वर दिसते, आणि तोही २०० मागतो. विकला गेलेला माल यादीतून निघून जातो, न विकलेला तिथेच राहतो. त्यामुळे कुठल्याही दिवशी जे भाव डोळ्यांसमोर असतात ते बहुतेक फसलेले भाव असतात. ईबेसारख्या ठिकाणी पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे वेगळे काढून बघता येतात. मी तेच पाहिले. चांगल्या गाद्या असलेला, नीट वाजणारा साधा एचडी ५८० साधारण ५५ला जात होता. गाद्या दबून चपट्या झालेला त्याहून बराच खाली.

वाजणाऱ्या ज्युबिलीला संग्राहक जास्त देतात हेही दिसलं. तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की ही खरंच ज्युबिली आहे का.

काकांना फोनवर तीन गोष्टी विचारल्या. तुम्हीच पहिले मालक का? गाद्या कधी बदलल्यात का? आणि शेवटचं गाणं कधी ऐकलंत? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. तिसऱ्याला जरा थांबून ते म्हणाले, “आठ-दहा वर्षं तर सहज झाली असतील. मुलाने टाकलीय जाहिरात. आता ऐकायला पूर्वीसारखं येत नाही, तर म्हटलं कोणाच्या तरी उपयोगी पडू दे.”

तिसरा प्रश्न कधी सोडू नये. ‘उत्तम चालतो’ हे विकणारा खरं मानूनच लिहितो, पण ती आठवण कालची आहे की दहा वर्षांपूर्वीची हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही.

मी पिशवीत पाच वस्तू घेतल्या. हेडफोनचा आवाज वाढवणारा छोटा अँप, माझ्या एचडी ६००ची केबल, विद्युतरोध मोजायचा मल्टिमीटर, विजेरी आणि चिमटा. अँप घेण्याचं कारण सांगायला हवं. ३०० ओहमचा हेडफोन नुसत्या फोनला लावला तर आवाज बेताचाच येतो, आणि बेताच्या आवाजात खराब ड्रायव्हरही सभ्यपणे वागतो. दोष वर यायला त्याला जरा मोकळं हलवावं लागतं.

जाळी

खोकं टेबलावर होतं. हेडफोन हातात घेतला आणि पहिली शंका तिथेच आली. जाळी लख्ख होती, पण तिच्याभोवतालची चौकट, हेडबँडचे हात, कपांच्या कडा सगळं एकसारखं झिजलेलं. इतकी वर्षं एकाच डोक्यावर, एकाच टेबलावर काढलेल्या वस्तूचे सगळे भाग एकत्र म्हातारे होतात. एकच भाग तरुण दिसला की तो नंतर आलेला असतो.

“काका, ही जाळी पहिल्यापासून हीच होती का?”

“नाही नाही. एक फुटली होती. माझ्याच हातून पडला होता. मुलाने तेव्हा नवीन जोडी मागवून बसवली. जुन्या टाकल्या नाहीत मी, त्या खोक्यातच असतील बघा.”

खोक्याच्या तळाशी, फोमखाली, कागदात गुंडाळलेल्या दोन काळ्या प्लास्टिकच्या जाळ्या होत्या. एकीला कडेपासून मध्यापर्यंत तडा. एचडी ५८०च्या मूळ जाळ्या.

झालं असं होतं की मुलाने जाहिरात टाकताना ‘धातूची जाळी असलेला एचडी ५८०’ असा शोध घेतला. त्यात ज्युबिली सापडली आणि तिचा मागणी भावही सापडला. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. एचडी ६००च्या जाळ्या लावलेला ५८० लांबून ज्युबिलीसारखा दिसतोच. मी काकांना हे समजावून सांगितलं. त्यांनी फुटकी जाळी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे हा आपला साधाच. मग तुम्हीच सांगा, साध्याचं काय होतं ते.”

मी लगेच आकडा सांगितला नाही. म्हटलं, “आधी वाजवून बघू, काका.”

खरखर

आधी मल्टिमीटर. प्लगच्या टोकापासून बुडाच्या भागापर्यंत एक बाजू, मधल्या कड्यापासून बुडापर्यंत दुसरी. दोन्हीकडे ३००च्या जवळचा आणि एकमेकांशी जुळणारा आकडा यायला हवा. डावीकडे आला. उजवीकडे आला, पण केबल कपापाशी जरा हलवली की आकडा उडायचा, परत यायचा. म्हणून काकांची केबल काढून माझी लावली. उजवी बाजू स्थिर झाली. म्हणजे ड्रायव्हरमधली तारेची गुंडाळी शाबूत, केबल थकलेली. या हेडफोनची केबल दोन्ही कपांतून सुटी होते, तिला एक जाड आणि एक बारीक अशा दोन पिना असतात. वर्षानुवर्षं ओढ बसून त्या ढिल्या पडतात. केबल सुटी होत असल्यामुळे हा शोध दोन मिनिटांत लागतो. आपली केबल नसेल तर आहे तिचीच टोकं डावी-उजवी अदलाबदल करावीत. दोष टोकाबरोबर सरकला तर केबलचा, जागेवरच राहिला तर कपाचा.

मग आवाज. मी गाण्यापासून सुरुवात करत नाही, कारण ओळखीचं गाणं मन भरून टाकतं आणि कान लबाडी करू लागतात. आधी एकाच व्यक्तीच्या बोलण्याचा मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज जाणारा तुकडा. तो बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू आला पाहिजे. इथे तो किंचित उजवीकडे होता. हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर, तरी आवाज उजवीकडेच. तर ते माझ्या कानाचं, हेडफोनचं नाही. ही युक्ती साधी आहे, पण तिच्याशिवाय मी विनाकारण त्या हेडफोनला दोष दिला असता.

एक ड्रायव्हर उलट्या जोडणीचा असला तरी हाच तुकडा ते सांगून जातो. बोलणं मधोमध न राहता डोक्याभोवती पसरतं आणि बास गायब होतो. कोणी मध्ये सोल्डरिंग केलेल्या हेडफोनमध्ये हे सापडतं. इथे तसं नव्हतं.

शेवटी खालचे सूर. २०० हर्ट्झपासून हळूहळू खाली उतरणारा एकच शुद्ध स्वर. १०० पर्यंत स्वच्छ. ६०च्या आसपास डावीकडून बारीक काहीतरी सुरू झालं आणि ४० पर्यंत पोचेस्तोवर पतंगाचा कागद वाऱ्याला फडफडावा तशी खरखर स्पष्ट ऐकू यायला लागली. उजवीकडे काही नाही.

काकांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाले, “बघू?” आणि हेडफोन घातला. उंच सूर त्यांना आता कमी ऐकू येतात, पण ४० हर्ट्झवरची खरखर त्यांच्या कानातून सुटली नाही. त्यांनी हेडफोन उतरवला, मांडीवर ठेवला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

“ड्रायव्हर गेला म्हणायचा. मग आता यात राहिलं काय? तुम्ही एवढे आलात, तर काहीतरी देऊन घेऊन जा.” आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो आपल्या मापात १५ होता.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. मला तेव्हा जवळजवळ खात्री होती की ड्रायव्हर गेलेला नाही. गुंडाळीचं मोजमाप दोन्ही बाजूंना जुळत होतं. खरखर फक्त खालच्या सुरांत, जिथे ड्रायव्हरचा आवाज काढणारा पातळ पडदा सर्वांत जास्त पुढेमागे हलतो तिथेच येत होती. आणि दहा वर्षं पडून असलेल्या या जातीच्या हेडफोनमध्ये अशा खरखरीचं एक फार ओळखीचं कारण आहे: केस. गादीच्या आत, ड्रायव्हरसमोर फोमची एक पातळ चकती असते. ती कालांतराने भुसा होऊन झडते, आणि डोक्यावरचा एखादा तुटका केस छिद्रांतून आत जाऊन पडद्याला टेकतो. पडदा हलला की तो केस त्यावर नाचतो. खात्री मात्र पूर्ण नव्हती. गुंडाळी आतल्या फटीत घासत असेल तरी असाच आवाज येऊ शकतो, आणि तो दोष चिमट्याने जात नाही.

१५ला होकार देऊन, घरी नेऊन, केस काढून मोकळं होता आलं असतं. कायद्याने त्यात काही चुकलं नसतं. पण वीस मिनिटांपूर्वीच ‘ही ज्युबिली नाही’ हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं, कारण ते माझ्या फायद्याचं होतं. त्यांच्या अज्ञानामुळे भाव वर गेला तेव्हा ते अज्ञान दूर करायचं, आणि त्याच अज्ञानामुळे भाव खाली आला की गप्प बसायचं, अशा रीतीने जो आकडा निघतो त्याला मी रास्त म्हणू शकत नाही. रास्त भाव म्हणजे वस्तूबद्दल दोघांनाही सारखंच माहीत असताना ठरलेला भाव. माझी त्याची व्याख्या इतकीच आहे.

“काका, थांबा. ड्रायव्हर गेलाच असं नाही. उघडून बघायची परवानगी देता?”

गादी कडेने ओढून काढली. आतली चकती बोट लागताच पिठासारखी गळाली. तिचा चुरा पडद्यावर पडू नये म्हणून कप उलटा धरला, तोंड खाली. मग विजेरी तिरकी मारली. तिरक्या उजेडात तो लगेच दिसला. नखाएवढा एक पांढरा केस, एक टोक छिद्राबाहेर, दुसरं आत. चिमट्याने बाहेरचं टोक धरलं आणि सरळ रेषेत ओढलं. फुंकर मारली नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, कारण त्या पडद्याला तेवढ्यानेही कायमची सुरकुती पडू शकते.

पुन्हा लावला. २०० पासून खाली. १००, ६०, ४०, ३०. स्वच्छ.

मी हेडफोन काकांकडे दिला आणि त्यांच्याच आवडीचं काहीतरी लावायला सांगितलं. ते ऐकत होते तेवढा वेळ मी मोजमापं लिहून काढत बसलो. एकदा त्यांनी डोळे उघडून विचारलं, “हा केस माझाच म्हणायचा?” मी म्हटलं, “दुसऱ्या कोणाचा असणार?”

हिशेब

कागद मध्ये ठेवून दोघांनी मिळून मांडला. चांगल्या गाद्यांसह नीट वाजणारा साधा एचडी ५८०: ५५. या गाद्या पूर्ण बसलेल्या होत्या, बोटाने दाबलं तर परत वर येत नव्हत्या. मूळ गाद्यांची नवी जोडी: १४ वजा. केबल: ६ वजा. फोमच्या दोन चकत्या: १ वजा. हेडबँडची गादी दबलेली होती, पण वापरता येत होती, तिचं काही धरलं नाही. उरले ३४. एचडी ६००च्या धातूच्या जाळ्या हा चांगला भाग आहे आणि सुटा विकत घ्यायचा तर पैसे पडतात, त्याचे ३ मिळवले. ३७. काका म्हणाले, “खोकं आहे, जुन्या जाळ्या आहेत, ४० करा.” ४० झाले.

गाद्यांबद्दल जरा थांबतो, कारण इथे बरेच जण चुकतात. ते १४ स्वच्छतेसाठी किंवा दिसण्यासाठी वजा केलेले नाहीत. गादी बसली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, आतली हवेची जागा कमी होते, कडेने झिरपणारी हवा बदलते आणि आवाजाचा तोल सरकतो. मी त्या दिवशी जे ऐकलं तो एचडी ५८०चा आवाज नव्हताच, तो बसलेल्या गाद्यांचा आवाज होता. म्हणून जुन्या गाद्यांवर ऐकून ‘जुन्या ड्रायव्हरची गोडीच वेगळी’ किंवा ‘हा मंदच वाजतो’ असं कोणी सांगितलं तर त्याला भावात जागा देऊ नये, वरही नाही आणि खालीही नाही. आणि नवी गादी म्हणून बाजारातली भलतीच जाड किंवा चामड्याची गादी बसवलेली असेल, तर मूळ गाद्यांचे पैसे वजा करायलाच हवेत.

ड्रायव्हर खरंच गेला असता तर? एका बाजूचा नवा ड्रायव्हर साधारण २५ धरला तर ३७ मधून उरले १२. काकांनी घाबरून सांगितलेला १५ हा आकडा त्याच्या इतका जवळ होता याचं मला नंतर नवल वाटलं. त्यांनी तो अंदाजाने सांगितला होता, पण सुटे भाग मिळणाऱ्या वस्तूचा भाव तळाशी गेला तरी असा हिशेबाच्या आसपासच थांबतो.

जिथे हा हिशेब चालत नाही

हीच पद्धत मी दुसऱ्या बंद झालेल्या हेडफोनांना लावून पाहिली, आणि ती कुठे मोडते ते लक्षात आलं.

१९८९ मध्ये दोन प्रसिद्ध हेडफोन आले. सोनीचा एमडीआर-आर१०, झेलकोवा लाकडाचे कप आणि जिवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचा पडदा असलेला. आणि व्हिएन्नाच्या एकेजीचा के१०००, ज्याला कप नाहीतच. दोन छोटे स्पीकर कानांपासून दूर टांगलेले, आणि त्यांची संवेदनशीलता इतकी कमी की लोक ते स्पीकरच्या अँपवर वाजवतात. यांचा ड्रायव्हर गेला तर दुसरा फक्त दुसऱ्या आर१० किंवा के१००० मधूनच येणार. इथे ‘५५ वजा १४ वजा ६’ करायला वजा करण्याजोगं काही नाही. चालू असेल तर सगळं आहे, नसेल तर लाकूड आणि धातू. अशा वस्तूला संग्राहकाचा भाव देणाऱ्याने तो पैसा गेला असं धरूनच द्यावा, आणि प्रत्यक्ष भेटून, किमान तासभर वाजवून.

तासभर म्हणण्याला कारण आहे. स्टॅक्ससारख्या स्थिरविद्युत हेडफोनमध्ये म्हातारपणाचा नेहमीचा आजार म्हणजे एक बाजू हळूहळू मंद होणं. पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही बाजू सारख्या वाटतात आणि चाळिसाव्या मिनिटाला आवाज एकीकडे कललेला असतो. शिवाय त्यांच्या जुन्या मॉडेलांना २३० व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम ठेवायचा विद्युतदाब, लागतो, नंतरच्यांना ५८० व्होल्टचा, आणि प्लगच्या पिनांची संख्याही वेगळी, जुन्यांना सहा आणि नंतरच्यांना पाच. हेडफोन स्वस्तात मिळाला पण त्याला चालवणारं यंत्र वेगळं घ्यावं लागलं, तर त्याची खरी किंमत त्या दोघांची मिळून होते.

मधल्या पट्टीत डेनॉनचे एएच-डी५०००सारखे हेडफोन येतात. लाकडी कप, २५ ओहम, केबल कपात कायमची जोडलेली. गाद्या इतरांनी बनवलेल्या मिळतात, पण केबल मोडली की सोल्डरिंग आलं. तिथे केबलचे ६ धरून चालत नाही, कारागिराची मजुरी धरावी लागते, आणि तो काम बिघडवेल याचीही थोडी किंमत.

एचडी ८००चं उदाहरण आणखी वेगळं. तो २००९ चा. २०१६ मध्ये त्याची एस आवृत्ती आली, तिच्यात ६ किलोहर्ट्झच्या आसपासचा चढ दाबायला एक शोषक बसवला होता. जुन्या ८००च्या बऱ्याच मालकांनी मग आपापल्या हाताने आत फेल्ट आणि फोम चिकटवले. असा हेडफोन घेताना मी एकच विचारतो की चिकटवलेलं काढता येतं का. येत असेल तर भाव तोच. येत नसेल तर दुसऱ्याची आवड आपण विकत घेतोय, आणि तिचे पैसे देण्याचं कारण नाही.

नंतर

गाद्या, केबल आणि चकत्या आठवड्यात आल्या. चकत्या बसवताना उजवा कपही तपासला, तिथली चकतीही तशीच गळाली, पण केस नव्हता. माझ्या एचडी ६००च्या शेजारी ठेवून, दोघांना सारख्याच नव्या गाद्या घालून, आवाज एकाच पातळीवर आणून ऐकलं. फरक सांगायला मला खूप वेळ लागला, आणि शेवटी सांगितला तोही पैज लावण्याइतका खात्रीचा नव्हता. ज्युबिलीसाठी १२० देणाऱ्याने हे एकदा करून बघावं असं मनापासून वाटतं. खरी ज्युबिली संग्रहासाठी घेणं वेगळं, त्यात इतिहास आहे आणि त्याला मोल आहे. ते मोल आवाजाच्या नावावर मोजू नये, एवढंच.

एक चूक माझ्याकडून राहिली. दीडेक महिन्याने उजवी बाजू पुन्हा अधूनमधून तुटायला लागली, नव्या केबलवरही. डोकं वळवलं की आवाज जाई, केबल बोटाने दाबली की येई. जुन्या केबलच्या ढिल्या पिनांनी हलून हलून कपातली खोबणीही रुंद केली होती. त्या दिवशी माझी केबल लावल्यावर आकडा स्थिर झाला म्हणून मी पुढे गेलो. केबल लावलेली असताना ती दहा-बारा वेळा वळवून, ओढून बघायला हवी होती, ती बघितली नाही. खोबणीतले धातूचे पत्रे सुईच्या टोकाने आत दाबून घेतले, त्यावर चार महिने झाले, आवाज तुटलेला नाही. पण परत ढिले झाले तर कप बदलावा लागेल, आणि त्याचे निदान ५ तरी आमच्या कागदावर वजा व्हायला हवे होते. काकांना फोन करून मी हे सांगितलं नाही. तपासायची जबाबदारी माझी होती आणि त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या फुटक्या जाळीला मागून चिकटवून मी दोन्ही जुन्या जाळ्या पुन्हा हेडफोनवर चढवल्या आहेत. धातूच्या आता खोक्यात, कागदात गुंडाळून.